अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजमधून मेडिकल असिस्टंट होताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यू जर्सी, टेक्सस, बे एरिया, सिअ‍ॅटल अशा भागांत राहणाऱ्या मराठी मंडळींकडून या कोर्सबद्दल जे पुन्हा पुन्हा विचारलं जातं, ते इथे एकत्र केलं आहे. एकाचं उत्तर दुसऱ्यात अडकतं म्हणून प्रश्नांना क्रमांक दिले आहेत. फी आणि नियम बदलत राहतात. अर्ज भरण्याआधी आकडे कॉलेजच्या चालू वर्षाच्या कॅटलॉगशी ताडून पाहा.

१. मेडिकल असिस्टंट म्हणजे नर्सच ना?

नाही. नर्सला राज्याचा परवाना असतो आणि रुग्णाच्या स्थितीचा अंदाज घेऊन निर्णय करण्याचा अधिकार असतो. मेडिकल असिस्टंट डॉक्टरच्या देखरेखीखाली, त्याने सोपवलेलं काम करतो. ही नोकरी मुख्यतः बाह्यरुग्ण दवाखान्यांत असते. रुग्णाला आत घेणं, वजन, ताप, रक्तदाब, चालू औषधांची यादी, इंजेक्शन, रक्त काढणं, ईसीजी आणि लघवीच्या पट्टीसारख्या साध्या चाचण्या ही वैद्यकीय बाजू. अपॉइंटमेंट, विम्याची पूर्वपरवानगी, कोडिंग (बिलासाठी आजार आणि उपचारांचे ठरलेले कोड लिहिणं) आणि संगणकातल्या नोंदी ही कार्यालयीन बाजू. दोन्ही एकाच माणसाने करायच्या असतात. छोट्या क्लिनिकमध्ये सकाळी फोन घेणारी व्यक्तीच दुपारी लस टोचत असते.

२. मग सीएनए, फ्लेबॉटॉमिस्ट आणि फिजिशियन असिस्टंट कोण?

सीएनए नर्सिंग होममध्ये किंवा हॉस्पिटलच्या वॉर्डात रुग्णाची अंघोळ, जेवण, कूस बदलणं अशी शुश्रूषा करतो. त्याचं प्रशिक्षण काही आठवड्यांचं असतं. फ्लेबॉटॉमिस्टचं काम फक्त रक्त काढणं. फिजिशियन असिस्टंट मात्र पदव्युत्तर शिक्षण घेतलेला, रोगनिदान करणारा आणि औषध लिहून देणारा परवानाधारक. नाव सारखं वाटतं म्हणून अनेक जण चुकीच्या कोर्सची चौकशी करतात. कॉलेजला फोन कराल तेव्हा ‘मेडिकल असिस्टिंग’ असंच म्हणा.

३. कोर्स किती दिवसांचा? काय शिकवतात?

सर्टिफिकेट साधारण ९ ते १२ महिन्यांचं, म्हणजे दोन-तीन सेमिस्टरचं. असोसिएट डिग्री दोन वर्षांची. त्यात हेच विषय आणि शिवाय इंग्रजी, गणित, मानसशास्त्र असे सामान्य विषय असतात.

वैद्यकीय परिभाषा, शरीररचना, औषधशास्त्र, क्लिनिकल कौशल्यं, प्रयोगशाळा, कायदा व नीतिनियम, विमा व कोडिंग हे मुख्य विषय. शेवटी प्रत्यक्ष दवाखान्यातलं काम, म्हणजे प्रॅक्टिकम (प्रश्न २०). वैद्यकीय परिभाषा पहिल्याच सेमिस्टरला घ्या. शब्दाचे ग्रीक-लॅटिन तुकडे पाडायची सवय लागली की पुढचे सगळे विषय हलके होतात. ‘हायपर’ म्हणजे जास्त, ‘हायपो’ म्हणजे कमी. ऐकताना या दोघांत गोंधळ होतो आणि दवाखान्यात तो महागात पडतो.

४. एकूण खर्च किती येतो?

राज्याप्रमाणे खूप फरक पडतो. कॅलिफोर्नियात तिथल्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजमध्ये युनिटमागे (युनिट म्हणजे विषयाचं वजन मोजायचं माप, क्रेडिट) ४६ डॉलर पडतात, म्हणजे ३० युनिटच्या सर्टिफिकेटला १,३८० डॉलर. बाहेरच्या राज्यातल्या किंवा परदेशी विद्यार्थ्याला त्याच युनिटमागे आणखी काही शे डॉलर द्यावे लागतात. म्हणून ‘मी रहिवासी ठरते का’ हा प्रश्न फीच्या आधी विचारायचा. बहुतेक राज्यांत एक वर्षाचं वास्तव्य आणि त्याचे पुरावे लागतात : घरभाड्याचा करार, वाहन परवाना, करविवरण. घरातले सगळे कागद नवऱ्याच्या नावावर असतील तर इथे अडायला होतं. आल्या आल्या करारावर आणि विजेच्या बिलावर स्वतःचं नाव घालून घ्या.

फीखेरीज पुस्तकं, स्क्रब्ज (दवाखान्यातला गणवेश), स्टेथोस्कोप, लसी व रक्तचाचण्या, पार्श्वभूमी तपासणी, बीएलएस (जीव वाचवण्याच्या प्राथमिक उपचारांचं) कार्ड आणि शेवटी परीक्षेची फी. लसी विम्यात बसतात, पण अँटीबॉडी चाचण्या बसतीलच असं नाही. आधी विमा कंपनीला विचारा.

५. मी एच-४ वर आहे. हा कोर्स करता येईल का?

एच-४ म्हणजे एच-१बी वर काम करणाऱ्याच्या कुटुंबीयांचा व्हिसा. त्यावर शिकता येतं, पूर्णवेळसुद्धा, आणि त्यासाठी एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागत नाही. बऱ्याच राज्यांत एच-४ वरची व्यक्ती वास्तव्याच्या अटी पूर्ण करून रहिवाशाच्या फीलाही पात्र ठरते.

नोकरीचं गणित वेगळं. एच-४ वर पगारी काम करायला ईएडी, म्हणजे कामाच्या परवानगीचं कार्ड, लागतं. ते २०१५ च्या नियमाप्रमाणे, जोडीदाराची आय-१४० (ग्रीन कार्डच्या वाटेवरची, सहसा मालकाने केलेली याचिका) मंजूर असेल किंवा त्याचा एच-१बी सहा वर्षांपुढे वाढवलेला असेल तरच मिळतं. कोर्सचं सर्टिफिकेट म्हणजे काम करण्याची परवानगी नव्हे. आय-१४० अजून दूर असेल तर घाईने सर्टिफिकेट घेऊन ते दोन-तीन वर्षं पडून राहू देण्यात तोटा आहे. सराव जातो आणि काही परीक्षांची पात्रताही कोर्स संपल्यापासूनच्या वर्षांवर ठरते. अशा वेळी आधी शरीररचनेसारखे, कुठेही चालणारे विषय करून ठेवणं शहाणपणाचं (प्रश्न २४).

प्रॅक्टिकम बिनपगारी असलं तरी तुमच्या व्हिसावर चालेल का, हे कॉलेज आणि इमिग्रेशन वकील या दोघांकडून लेखी घ्या, तेही प्रवेशाआधी. तोंडी ‘नो प्रॉब्लेम’वर विसंबू नका.

६. एफ-२, एल-२ किंवा एफ-१ असेल तर?

एफ-२ वर, म्हणजे एफ-१ विद्यार्थ्याच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर, फक्त अर्धवेळ शिकता येतं. मेडिकल असिस्टिंगची रचना बहुतेक ठिकाणी पूर्णवेळ असते, म्हणून एफ-१ मध्ये बदल करून घ्यावा लागतो. एल-२ वरच्या (कंपनीतून बदली होऊन आलेल्याच्या) पती किंवा पत्नीला नोव्हेंबर २०२१ पासून व्हिसाबरोबरच कामाचा हक्क आहे. आय-९४ वर, म्हणजे अमेरिकेतल्या प्रवेशाच्या नोंदीवर, ‘एल-२एस’ असं लिहिलेलं असलं की पुरे. एफ-१ वर पूर्णवेळ शिकावं लागतं, ऑनलाइन वर्गांवर मर्यादा असते आणि प्रॅक्टिकमसाठी सीपीटीची (अभ्यासक्रमाचा भाग असलेल्या प्रशिक्षणाच्या परवानगीची) नोंद डीएसओकडून (कॉलेजच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या अधिकाऱ्याकडून) आधी करून घ्यावी लागते. बी-१/बी-२ या भेटीच्या व्हिसावर येऊन हा कोर्स करता येत नाही.

७. फाफसा भरून पेल ग्रँट मिळेल का?

फाफसा म्हणजे शिक्षणासाठी केंद्र सरकारच्या मदतीचा अर्ज, आणि पेल ग्रँट म्हणजे त्यातली परत न करायची मदत. नागरिक, ग्रीन कार्डधारक आणि काही ठरावीक गटांनाच केंद्राची मदत मिळते. एच-४, एल-२, एफ-१ यांना नाही.

ग्रीन कार्ड असूनही अनेकांचा अर्ज वेगळ्याच कारणाने फेटाळला जातो : ज्याच्याकडे आधीच पदवी आहे, त्याला पेल ग्रँट मिळत नाही. पुणे किंवा मुंबई विद्यापीठाची बीएस्सी, बीकॉमही यात धरली जाते. पदवी लपवून फॉर्म भरू नका, ती खोटी माहिती ठरते. पदवीधरांसाठी केंद्राचं कर्ज, कॉलेजच्या फाउंडेशनच्या शिष्यवृत्त्या आणि अमेरिकन जॉब सेंटरमधून मिळणारा प्रशिक्षण निधी हे मार्ग उरतात. शेवटचा फारसा कोणाला माहीत नसतो, म्हणून आवर्जून चौकशी करा.

८. माझी बारावी मराठी माध्यमातून झाली. मार्कशीट चालेल का? इंग्रजीचं काय?

हायस्कूल पूर्ण केल्याचा पुरावा हवा असतो. एचएससीची मार्कशीट आणि बोर्डाचं प्रमाणपत्र डब्ल्यूईएस, ईसीई अशा, नेसेस या मूल्यांकन संस्थांच्या संघटनेची सदस्य असलेल्या संस्थेकडून मूल्यांकन करून द्यावं लागतं. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह प्रमाणपत्र जोडा. मार्कशीटवर आडनाव आधी आणि पासपोर्टवर शेवटी, एवढ्यानेही फाइल अडकते. पदवी असेल तर कॉलेजला बऱ्याचदा तिचंच मूल्यांकन पुरतं.

इंग्रजीसाठी प्लेसमेंट टेस्ट किंवा समुपदेशकाशी बोलणं होतं. गरज असल्यास ईएसएलचा (इंग्रजी मातृभाषा नसणाऱ्यांसाठीचा) वर्ग घ्या. वाचन-लेखन मराठी माध्यमवाल्यांना सहसा जमतं. अडचण येते ती फोनवर, वेगाने बोलणाऱ्या रुग्णाचं ऐकून लिहिण्यात. त्याचा सराव आधीपासून ठेवा.

९. सीएमए, आरएमए, सीसीएमए : यातलं कोणतं घ्यावं?

ही तीन वेगवेगळ्या संस्थांची प्रमाणपत्रं आहेत, कॉलेजची नव्हेत. कॉलेज कोर्स संपवल्याचं सर्टिफिकेट देतं, परीक्षा स्वतंत्र द्यायची असते.

सीएमए हे एएएमए या संस्थेचं. त्याची मुख्य वाट सीएएएचईपी किंवा एबीएचईएस (आरोग्यक्षेत्रातल्या कोर्सना मान्यता देणाऱ्या संस्था) यांची मान्यता असलेल्या कोर्समधूनच जाते. २०० प्रश्न, प्रत्यक्ष परीक्षेचा वेळ १६० मिनिटं, नूतनीकरण दर ६० महिन्यांनी. आरएमए हे एएमटीचं : २१० प्रश्न, दोन तास. इथे कामाच्या अनुभवावरही एक वाट आहे. सीसीएमए हे एनएचएचं : गुण मोजले जाणारे १५० प्रश्न आणि गुण नसलेले, चाचणीपुरते ३०, तीन तास, नूतनीकरण दर दोन वर्षांनी.

तुमच्या कॉलेजच्या कोर्सला मान्यता असेल तर सीएमए घ्या, कारण ते देशभर सहज ओळखलं जातं आणि कडक नियमांच्या राज्यांतही चालतं. मान्यता नसेल तर सीसीएमए. मोठे दवाखाने तिन्ही स्वीकारतात, तरी आपल्या भागातल्या चार-पाच जाहिराती उघडून कोणतं नाव लिहिलं आहे ते आधी पाहा.

एक बारीक गोष्ट : कॉलेजला मान्यता असणं आणि त्या कोर्सला मान्यता असणं या दोन वेगळ्या बाबी आहेत. कोर्सचं नाव सीएएएचईपीच्या यादीत शोधा.

१०. ‘सहा आठवड्यांत ऑनलाइन मेडिकल असिस्टंट’ अशी जाहिरात पाहिली. घ्यावं का?

इंजेक्शन आणि रक्त काढणं पडद्यावर शिकता येत नाही. असे कोर्स सहसा सीसीएमएच्या लेखी परीक्षेची तयारी करून घेतात आणि प्रॅक्टिकमची जागा तुम्हालाच शोधायला लावतात. अनोळखी क्लिनिक विमा आणि करार नसलेल्या विद्यार्थ्याला दारात उभं करत नाही. पैसे तिथेच बुडतात.

कम्युनिटी कॉलेजमध्येही दोन दरवाजे असतात हे ध्यानात घ्या. एक क्रेडिटचा कोर्स, दुसरा ‘वर्कफोर्स’ किंवा ‘कंटिन्युइंग एज्युकेशन’ विभागातला बिनक्रेडिटचा. दुसरा छोटा आणि स्वस्त असतो, पण त्याने क्रेडिट जमा होत नाहीत आणि बहुधा सीएमएची पात्रताही मिळत नाही.

११. परवाना लागतो का? एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलो तर?

हा प्रश्न कॉलेज निवडण्याआधी सोडवा. बहुतेक राज्यांत मेडिकल असिस्टंटला राज्याचा परवाना नाही, पण काय करू द्यायचं याचे नियम वेगळे आहेत.

वॉशिंग्टन राज्यात आरोग्य खात्याकडून नोंदणी घ्यावीच लागते आणि तिचे अनेक प्रकार आहेत. कॅलिफोर्नियात परवाना नाही, पण वय किमान १८ लागतं. इंजेक्शनसाठी १० तास आणि रक्त काढण्यासाठी १० तास प्रशिक्षण, शिवाय स्नायूतली, त्वचेखालची आणि त्वचेतली इंजेक्शनं प्रत्येकी १०, शिरेतून रक्त १० वेळा आणि बोटातून १० वेळा यशस्वीपणे केल्याची नोंद लागते. तिथे सलाइन लावायला मनाई आहे आणि फोनवर लक्षणं ऐकून तातडी ठरवायलाही. न्यू जर्सीत इंजेक्शनचं काम सोपवायचं तर मेडिकल असिस्टंट मान्य कोर्स केलेला आणि प्रमाणपत्रधारक असावा लागतो. टेक्ससमध्ये डॉक्टर स्वतःच्या जबाबदारीवर कामं सोपवतो.

नोकरी बदलली की राज्य बदलणारं घर असेल तर सीएमए देणारा मान्यताप्राप्त कोर्सच धरा. प्रत्येक कौशल्याची सही-तारखेसह नोंदवही जपून ठेवा. कॉलेज ती काही वर्षांनी नष्ट करू शकतं.

१२. लसींचे भारतातले कागदच नाहीत. काय करू?

सहसा हे मागतात : एमएमआरचे (गोवर, गालगुंड आणि रुबेला) दोन डोस, कांजिण्यांच्या लसीचे दोन डोस, हिपॅटायटिस-बी, दहा वर्षांतली टीडॅप (धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकल्याची लस), चालू हंगामाची फ्लूची लस आणि टीबीची तपासणी. कागद नसेल तर रक्तातल्या अँटीबॉडीची चाचणी, म्हणजे टायटर.

भारतात वाढलेल्यांचा टायटरचा निकाल बऱ्याचदा एकाच धर्तीवर येतो. कांजिण्या लहानपणी येऊन गेलेल्या असतात, तो पॉझिटिव्ह येतो. गोवराचाही बहुधा येतो. गालगुंडावरची लस सरकारी लसीकरणात कधीच नव्हती, त्यामुळे ते येऊन गेलेलं नसेल तर तिथे निगेटिव्ह येतो आणि एमएमआर घ्यावी लागते. म्हणून एमएमआरसाठी टायटरवर पैसे घालवण्यापेक्षा २८ दिवसांच्या अंतराने सरळ दोन डोस घेणं पुष्कळदा स्वस्त पडतं. आधी लस झालेली असली तरी पुन्हा घेतल्याने अपाय होत नाही. गर्भवतींसाठी मात्र हा सल्ला नाही, प्रश्न १४ पाहा.

सर्वांत जास्त वेळ हिपॅटायटिस-बी खातं. नेहमीची लस ०, १ आणि ६ महिन्यांनी घ्यायची, म्हणजे अर्धं वर्ष. दोन डोसांची हेप्लिसाव्ह-बी ४ आठवड्यांत पूर्ण होते. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटीबॉडी १० किंवा त्याहून जास्त यावी लागते. पहिला डोस प्रवेशाचा अर्ज भरताच घ्या.

१३. लहानपणी बीसीजी घेतली आहे. टीबीची स्किन टेस्ट पॉझिटिव्ह आली तर?

म्हणूनच स्किन टेस्ट करू नका. बीसीजीमुळे ती खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. क्वांटिफेरॉनसारखी रक्तचाचणी मागा, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. कॉलेजच्या फॉर्मवर दोन टप्प्यांची स्किन टेस्ट छापलेली असली तरी रक्तचाचणी जवळजवळ सगळीकडे चालते, फक्त आधी विचारून घ्या.

रक्तचाचणी पॉझिटिव्ह आली तर छातीचा एक्स-रे. तो स्वच्छ आणि लक्षणं नसतील तर त्याला सुप्त टीबी म्हणतात. तो संसर्गजन्य नसतो आणि त्यामुळे कोर्स थांबत नाही. डॉक्टर चार महिने रोज रिफाम्पिन किंवा आठवड्यातून एकदा असा १२ डोसांचा उपचार सुचवतात. घ्यावा.

आणखी एक गाठ : एमएमआर किंवा कांजिण्यांची लस घेतल्यानंतर लगेच केलेली टीबी चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. दोन्ही एकाच दिवशी करा, नाहीतर लसीनंतर चार आठवडे थांबा. हे न कळल्यामुळे अनेकांची प्रॅक्टिकमची तारीख पुढे जाते.

१४. गरोदर असताना कोर्स करता येतो का?

येतो. पण एमएमआर आणि कांजिण्यांची लस गरोदरपणात देत नाहीत आणि घेतल्यानंतर २८ दिवस गर्भधारणा टाळायला सांगतात. मूल हवं असेल तर या दोन लसी आधी उरकून घ्या. गरोदर असाल तर डॉक्टरांचं पत्र देऊन सूट मागा. काही प्रॅक्टिकमच्या जागा ती मान्य करत नाहीत, म्हणून समन्वयकाला लवकर सांगा. शिकणाऱ्या गरोदर विद्यार्थिनीला टायटल नाइन या, शिक्षणात लिंगभेद करायला मनाई करणाऱ्या कायद्याचं संरक्षण आहे.

१५. ड्रग टेस्टची भीती वाटते. काही खाणं टाळायला हवं का?

हो, खसखस. तिच्यामुळे लघवीच्या चाचणीत मॉर्फिन आणि कोडीन दिसू शकतं. दिवाळीच्या दिवसांत चाचणी असेल तर अनारसे, खसखशीची खीर, खसखस वाटून केलेला रस्सा हे चार-पाच दिवस आधीपासून बंद ठेवा. ‘मी अनारसा खाल्ला होता’ हे कारण निकाल हातात आल्यावर कोणी ऐकेलच असं नाही.

डॉक्टरांनी दिलेली औषधं मूळ डबीसह दाखवा. भारतातून आणलेलं, घटक न लिहिलेलं चूर्ण किंवा गोळी त्या काळात घेऊ नका. गांजा राज्यात कायदेशीर असला तरी केंद्राच्या कायद्याने नाही. पॉझिटिव्ह आलात तर प्रॅक्टिकमची जागा जाते.

१६. माझ्याकडे सोशल सिक्युरिटी नंबर नाही. पार्श्वभूमी तपासणी कशी होणार?

ईएडी नसलेल्या एच-४ ला एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर) मिळत नाही, फक्त आयटीआयएन, म्हणजे करासाठीचा क्रमांक. तपासणी करणाऱ्या कंपन्या नाव, जन्मतारीख आणि पत्त्यावरून शोध घेऊ शकतात, पण त्यांचा ऑनलाइन फॉर्म पुढे सरकत नाही. त्यांना फोन करून वेगळा मार्ग घ्यावा लागतो. काही हॉस्पिटल गट एसएसएनशिवाय संगणकाचं लॉगिनच देत नाहीत. अशा वेळी समन्वयकाला एकट्या डॉक्टरचं क्लिनिक शोधायला सांगा. अमेरिकेत नुकतेच आला असाल तर भारतीय वाणिज्य दूतावासाकडून पोलीस क्लिअरन्स मागितला जाऊ शकतो. त्याला वेळ लागतो.

१७. लॅबमध्ये मुलं नापास कुठे होतात?

मान्यताप्राप्त कोर्समध्ये सरासरी चालत नाही. हाताने करायचं प्रत्येक कौशल्य आणि रुग्णाशी वागण्याची प्रत्येक कसोटी स्वतंत्रपणे पास व्हावी लागते. लेखीत ९५ टक्के असले तरी एक ईसीजी अडला की कोर्स अडतो.

रक्तदाब. दंडाला गुंडाळायचा पट्टा (कफ) लहान असेल तर आकडा खोटा जास्त येतो. रुग्ण पाच मिनिटं शांत बसलेला, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीला आणि बोलणं बंद. आपल्याकडे रुग्णाशी गप्पा मारत मोजायची सवय असते, ती इथे गुण घालवते. हवा सेकंदाला २ ते ३ मिमी या वेगाने सोडा. घाई केली तर वरचा आकडा निसटतो.

रक्त काढणं. नळ्यांचा, टोपणाच्या रंगाप्रमाणे, क्रम : कल्चरच्या (रक्तातले जंतू वाढवून पाहायच्या) बाटल्या, फिकट निळी, लाल किंवा सोनेरी, हिरवी, जांभळी, करडी. तो नुसता पाठ करू नका, कारण समजून घ्या. जांभळ्या नळीत पोटॅशियमचा क्षार असतो. तिचा अंश पुढच्या नळीत गेला तर पोटॅशियम खोटं वाढलेलं आणि कॅल्शियम खोटं घटलेलं दिसतं आणि धडधाकट माणूस इमर्जन्सीत पोचतो. निळी नळी खुणेपर्यंत भरलीच पाहिजे, कारण तिच्यात रक्त आणि सायट्रेट (रक्त गोठू न देणारं द्रव्य) यांचं प्रमाण ९ ला १ असतं. टूर्निके (शीर फुगवायला दंडावर आवळायचा पट्टा) एका मिनिटापेक्षा जास्त नको. मूठ उघडझाप करायला लावू नका, त्यानेही पोटॅशियम वाढतं. लेबल रुग्णासमोरच लावा, त्याच्याकडून पूर्ण नाव आणि जन्मतारीख वदवून घेऊन.

इंजेक्शन. स्नायूत ९० अंश, त्वचेखाली ४५, त्वचेत ५ ते १५. टीबीच्या स्किन टेस्टला ०.१ मिली आणि ६ ते १० मिमीचा फुगवटा उठला पाहिजे. तो उठला नाही तर सुई खोल गेली आहे. वापरलेल्या सुईला दोन हातांनी टोपण लावलं की तिथेच नापास.

ईसीजी. व्ही१ आणि व्ही२ (छातीवर लावायचे पहिले दोन इलेक्ट्रोड) एक-दोन बरगड्या वर लागणं ही सर्वांत मोठी चूक. उरोस्थीवरचा उंचवटा बोटाने शोधा, त्याच्या बाजूची दुसरी बरगडी, तिच्याखाली दुसरी फट, तिथून मोजत चौथ्या फटीत या. नजरेच्या अंदाजाने लावू नका.

१८. गणित कच्चं आहे. किती लागतं?

गुणाकार, भागाकार आणि त्रैराशिक एवढंच, पण चूक चालत नाही. वजन इथे पौंडात येतं, औषध किलोवर ठरतं : पौंड भागिले २.२. मूल ३३ पौंडांचं असेल तर १५ किलो. डोस किलोला १० मिलिग्रॅम, म्हणजे १५० मिलिग्रॅम. औषध ५ मिलीत १०० मिलिग्रॅम असेल तर ७.५ मिली.

लिहिण्याच्या दोन सवयी पक्क्या करा. दशांशाआधी शून्य लिहायचं, ०.५. नुसतं .५ लिहिलं तर टिंब न दिसून ५ वाचलं जातं. पूर्णांकापुढे शून्य लिहायचं नाही, कारण ५.० चं ५० होतं. आणि तारखेत महिना आधी येतो. ०३/०४ म्हणजे ४ मार्च. लसीच्या मुदतीत हा घोळ नको.

१९. मंगळसूत्र, बांगड्या, मेंदी चालते का?

कॉलेजची नियमावली शेवटचा शब्द. सर्वसाधारणपणे लोंबणारं काही चालत नाही : रुग्ण घाबरून ओढू शकतो आणि वाकल्यावर ते निर्जंतुक जागेवर टेकतं. आखूड मंगळसूत्र स्क्रबच्या आत घातलं तर बहुतेक ठिकाणी हरकत घेत नाहीत. काचेच्या बांगड्या ग्लोव्ह फाडतात आणि मनगट नीट धुता येत नाही, त्या घरी ठेवा. रंगलेली मेंदी सहसा चालते. कृत्रिम नखं चालत नाहीत आणि खरी नखं पाव इंचाच्या आत ठेवा.

२०. प्रॅक्टिकम किती तासांचं? जागा कोण शोधतं?

मान्यताप्राप्त कोर्सला किमान १६० तास, म्हणजे पूर्णवेळ चार आठवडे. तास दिवसाच्या कामाच्या वेळेतच असतात. रात्रीच्या वर्गाला बसणाऱ्यांनीही महिनाभर दिवसा मोकळं राहावं लागतं. पाळणाघराची सोय त्या हिशेबाने करा. जागा कॉलेज ठरवतं आणि करारही तेच करतं. स्वतःच्या नातेवाइकाच्या क्लिनिकमध्ये सहसा परवानगी देत नाहीत.

सुरू होण्याआधी अमेरिकन हार्ट असोसिएशनचं बीएलएस कार्ड लागतं. ते दोन वर्षं चालतं. पुतळ्यावर प्रत्यक्ष सराव न करता मिळालेलं ऑनलाइन कार्ड घेत नाहीत.

अनेकांना पहिली नोकरी प्रॅक्टिकमच्याच ठिकाणी मिळते. रिकामा वेळ मिळाला की खोली आवरा, साहित्य भरा, पुढच्या रुग्णाची फाइल उघडून ठेवा. फोन काढून बसलेला विद्यार्थी सगळ्यांच्या लक्षात राहतो.

२१. सुई टोचली तर?

लगेच साबण-पाण्याने धुवा, पिळू नका, त्याच मिनिटाला सुपरवायझरला सांगा. एचआयव्हीचा धोका असेल तर प्रतिबंधक औषधं जितक्या लवकर, काही तासांत, आणि ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. ती २८ दिवस घ्यायची. लाजेपोटी दोन दिवस गप्प राहणं हाच खरा धोका. विद्यार्थ्याचं बिल कोण भरतं हे प्रत्येक कॉलेजात वेगळं असतं. प्रवेशाच्या वेळी लेखी विचारा.

२२. मी बीएएमएस (किंवा बीएचएमएस, एमबीबीएस) आहे. कोर्स न करता थेट काम मिळेल का?

परवाना नसलेल्या राज्यांत काही क्लिनिक्स तशी नोकरी देतात. पण सीएमएची मुख्य वाट पदवीवर खुली होत नाही आणि वॉशिंग्टनसारख्या राज्यात नोंदणीशिवाय काम करता येत नाही (प्रश्न ११). एमबीबीएस असाल आणि यूएसएमएलईची (अमेरिकेत डॉक्टरकीच्या परवान्यासाठीच्या परीक्षेची) तयारी करत असाल, तर ही नोकरी इथल्या पद्धती जवळून पाहायला चांगली. बीएएमएस-बीएचएमएस पदवीवर यूएसएमएलई देता येत नाही, त्यामुळे त्यांच्यापैकी अनेकांना हा कोर्स आरोग्यक्षेत्रात परतण्याचा सरळ रस्ता वाटतो, आणि तो तसा आहेही.

अडचण ज्ञानाची नसते, मर्यादेची असते. रुग्ण विचारतो, ‘ही गोळी बंद करू का?’ उत्तर तुम्हाला येत असतं. ते द्यायचं नाही, डॉक्टरांना विचारून सांगते म्हणायचं. ओळख मेडिकल असिस्टंट म्हणूनच करून द्यायची. निदान सुचवल्यामुळे नोकरी जाऊ शकते आणि डॉक्टरही अडचणीत येतो. ही मर्यादा मनापासून मान्य असेल तरच या वाटेला या.

२३. मी भारतात जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग केलं आहे. हा कोर्स करू का?

नको. आधी कागदपत्रांचं मूल्यांकन करून राज्याच्या नर्सिंग बोर्डाकडे एनक्लेक्स-आरएनसाठी (नोंदणीकृत नर्सच्या परवान्याच्या परीक्षेसाठी) अर्ज करा. वेळ लागतो, भारतातल्या कॉलेजकडून सीलबंद गुणपत्रकं मागवताना जीव मेटाकुटीला येतो, पण नोंदणीकृत नर्सचा पगार आणि अधिकार मेडिकल असिस्टंटच्या कितीतरी वर आहेत. बोर्डाने काही विषय कमी पडतात असं कळवलं तर तेवढेच कम्युनिटी कॉलेजमध्ये पूर्ण करा.

२४. आधी मेडिकल असिस्टंट, मग त्याच क्रेडिटवर नर्सिंग. जमेल ना?

फारसं नाही, आणि इथेच सर्वांत जास्त निराशा होते. मेडिकल असिस्टिंगचे खास विषय नर्सिंगमध्ये धरले जात नाहीत. त्यातली शरीररचना बऱ्याचदा एका सेमिस्टरची, प्रयोगशाळा नसलेली असते. नर्सिंगला दोन सेमिस्टरची, प्रयोगशाळेसह लागते. पुढे नर्सिंग करायचं मनात असेल तर पहिल्याच दिवशी समुपदेशकाला सांगून ती मोठी शरीररचना घ्या. मेडिकल असिस्टिंगला ती सहसा चालते, उलट मात्र चालत नाही. अनेक कॉलेजं पाच-सात वर्षांपेक्षा जुने विज्ञान विषय पुन्हा करायला लावतात, हेही हिशेबात धरा.

२५. पगार किती?

अमेरिकेच्या कामगार आकडेवारी खात्यानुसार मे २०२३ मध्ये मध्यक वार्षिक पगार ४२,००० डॉलर होता, म्हणजे तासाला साधारण २० डॉलर. पश्चिम किनाऱ्यावर जास्त, दक्षिणेत कमी. पाळणाघराचा खर्च वजा करून हातात काय उरतं ते आधीच मांडून पाहा.

२६. मराठी, हिंदी, गुजराती येतं. रुग्णांसाठी दुभाष्याचं काम करावं का?

स्वागत करणं, धीर देणं, कुठे बसायचं ते सांगणं हे आपल्या भाषेत खुशाल करा. क्लिनिकमध्ये आलेल्या आजीला कोणी ‘या, बसा’ म्हटलं तर तिचा रक्तदाबही खाली येतो. पण निदान, संमतिपत्र, औषधांच्या सूचना यांचं भाषांतर वेगळं. अफोर्डेबल केअर अ‍ॅक्टच्या कलम १५५७ नुसार ते पात्र ठरलेल्या व्यक्तीनेच करायचं असतं. घरी बोलतो तेवढं पुरत नाही. क्लिनिकला भाषाचाचणी घ्यायला सांगा, ती पास व्हा आणि तसा उल्लेख कामाच्या वर्णनात करून घ्या. काही ठिकाणी त्याचा वेगळा भत्ताही मिळतो. तोपर्यंत फोनवरच्या दुभाष्याची ओळ लावून द्या आणि स्वतः शेजारी उभं राहा.